अर्धा चुडा

नव्याण्णव सालच्या उन्हाळ्यात गुणवंतरावांच्या मयुरीचं लग्न निघालं आणि हिरवा चुडा भरायला चामोर्शीहून बांगडीवाली खुर्शीदाच आली. दुसरं कोण येणार? गुणवंतरावांच्या गावातल्या झाडून साऱ्या मनगटांची मापं तिला पाठ होती. बायका विश्वासानं तिच्या हातात हात द्यायच्या, चुडा भरून झाला की रीतीप्रमाणे तिला वाकून नमस्कार करायच्या. पाणी मात्र गोठ्याच्या कोनाड्यातल्या, कान तुटलेल्या कपात. तो घ्यायला तिला कोणी सांगतही नसे. पंधरा वर्षं ती आपणहून उठायची, पाणी प्यायची, कप विसळून जागच्या जागी ठेवायची. शहाणी बाई!

गेल्या आठवड्यात मात्र तिला स्वतःचीच चीड आली होती. मोळी विकायला आलेल्या बाईनं दारात पाणी मागितलं आणि खुर्शीदाचा हात आपोआप मोरीजवळच्या फुटक्या वाटीकडे गेला. हे कोणी शिकवलं होतं तिला? कोणीच नाही. हाताला वळण लागलं आणि मनानं गुपचूप मान डोलावली, एवढंच. दोन दिवस तिला अन्न गोड लागलं नाही.

आज मयुरीचा उजवा हात भरून झाला. उन्हानं खुर्शीदाच्या घशाला कोरड पडली होती, तरी ती जागची हलली नाही.

"गुणाबाई, पाणी द्या. घरच्या पेल्यात."

ओसरीवरच्या बायकांनी माना वळवल्या. मयुरीच्या आईचा, गुणाबाईचा चेहरा उतरला. "अवं, आजच काऊन असं? माह्या मनात तुह्याबद्दल काई नाई, खुर्शीदा. तुले माहीत हाय ना."

"मनात नाई, तं मंग कपात काऊन हाय?"

गुणवंतराव मांडवातून गरजले, "लय चढली का ही? वडशाहून दुसरी आणतो! मंग या गावात पाय नाई ठेवाचा!"

लग्नसराईचे हे दोन महिने म्हणजे खुर्शीदाच्या घरचे वर्षभराचे तांदूळ. पण आता माघार घेतली असती तर तिला मोळीवालीच्या डोळ्याला डोळा देता आला नसता. तिनं टोपली ओढली आणि बांगड्या भराभर आत ठेवू लागली.

"आणा दुसरी. चुडा अर्धा काऊन राह्यला, ते मी गावोगाव सांगीन."

नवरीचा चुडा अर्धवट राहणं म्हणजे अपशकुन. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. तेवढ्यात मयुरीनं आपला मोकळा हात पदराखाली घेतला. "बाबा, दुसऱ्या कोणाच्या हातानं मी भरत नाई. एका हातानंच उभी राहीन बोहल्यावर."

गुणवंतराव मांडवातून बाहेर निघून गेले. गुणाबाई आत गेली. बराच वेळ नुसता भांड्यांचा आवाज येत राहिला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पितळेचा पेला होता. खुर्शीदा साऱ्यांसमोर घटाघटा पाणी प्यायली.

गुणाबाईनं रिकामा पेला घेतला, पण तो कुठे ठेवावा हेच तिला कळेना. तिचे डोळे भरून आले. "खोटं नाई बोलत, खुर्शीदा. मन अजून नाईच म्हणून राह्यलं. हात तेवढा पुढं आला."

"येऊ द्या. मनबी हातानंच बिघडलं होतं, तुमचंबी अन् माहंबी." खुर्शीदानं टोपली पुन्हा उघडली. "मयुरी, आण डावा हात."