सहा जणांचा ब्लॉक

मी ब्लॉक बोलतोय, संगमनेरच्या एका छापखान्यातला. जस्ताचा पत्रा, त्यावर कोरलेलं चित्र आणि खाली लाकडी ठोकळा. माझ्यावर सगळं उलटं असतं, कागदावर उमटलं की सुलटं होतं. निदान तसं व्हायला हवं होतं.

माझ्यावर एक बाई आहे आणि तिची पाच मुलं. ही माणसं खरी आहेत. गहिनीनाथ गुरुजी राजूरला शिकवत असताना बाजारात हिरडा विकायला येणाऱ्या कडूबाईला त्यांनी पोरांसकट समोर बसवून हे चित्र काढलं. "कडूबाई, तू पुस्तकात येणार," म्हणाले.

पुस्तक मुलांसाठी होतं. भावाभावांच्या युद्धाचं ते जुनं महाकाव्य गुरुजी एकेका पात्राच्या तोंडून सांगत होते. त्यात लाखेचं घर येतं. पाच नायक आणि त्यांची आई स्वतःच ते घर पेटवून भुयारातून निसटतात. आत जळतात ती जेवायला येऊन तिथेच झोपलेली एक रानातली बाई आणि तिची पाच मुलं. सहा प्रेतं मिळतात, शत्रू फसतात. एवढ्या मोठ्या काव्यात त्या बाईला साधं नाव नाही! गुरुजींनी तिला अख्खं प्रकरण दिलं आणि त्यासाठी मला पुण्याहून करवून आणलं. काय तोरा होता माझा तेव्हा!

मग शाळांसाठी पुस्तकं मंजूर करणारे एक साहेब आले. "नायकांनी गरीब बाई जाळली, हे मुलांना सांगणार? गाळा."

गुरुजींनी गाळलं. स्वतःच्या हाताने, चकार शब्द न काढता. साहेब काय, परके. माझा राग आहे तो गुरुजींवर.

मी फळीवर धूळ खात पडलो. बहात्तरच्या दुष्काळात कुटुंब नियोजनाच्या पत्रकांचं काम आलं. मालक मच्छिंद्रशेठ म्हणाले, "नवं चित्र कशाला? ती पाच पोरांवाली हाय की." मला शाई फासली. खाली मजकूर जुळवला, 'पाच पोरांची आई, तिला सुख कधीच नाही'. गावोगाव वाटली ती पत्रकं. एकदा जाळून भागलं नव्हतं काय?

चैत्रात कडूबाई छापखान्यात आली. दुष्काळी कामावर खडी फोडत होती. गुरुजी मुद्रितं तपासत बसले होते. तिने ओच्यातून तेच पत्रक काढलं.

"गुर्जी, आले की वो मी पुस्तकात! पाची पोरं वळखू येत्यात. आन् ह्ये खाली काय लिव्हलंय?"

गुरुजींनी वाचलं. आता तरी तोंड उघडा, असं मला ओरडावंसं वाटलं.

"तुझं नाव," ते म्हणाले.

कडूबाई हसली. अक्षरांवरून हळूच बोट फिरवलं.

"मंग आनिक एक द्या. धाकल्याला जूनपासनं शाळंत घालायचाय. वाचाया आलं की पयलं आयचं नाव वाचंल."

गुरुजींनी दुसरं पत्रक काढून दिलं. दिलं!

मी अजून फळीवर आहे, जस्त झिजलेलं नाही. गुरुजी, तो पोरगा अक्षरं शिकायच्या आत मला एकदा छापा. आणि माझ्याखाली तिचं नाव घाला.