मारोतीच्या नावाचा रणगाडा

मी एक जुना रणगाडा आहे, मित्रांनो, आणि माझ्यासमोर लावलेली पाटी खोटी आहे.

उदगीरच्या एका चौकात सिमेंटच्या ओट्यावर मला उभं केलंय, त्याला नऊ वर्षं झाली. तुम्ही येता, माझ्या तोफेखाली उभं राहून फोटो काढता. पाटीवर लिहिलंय की हुतात्मा मारोती यांनी याच रणगाड्यातून शत्रूचे पाच रणगाडे उडवले. मारोती माझ्यात कधी बसलाच नाही. आणि मी पाच काय, एकही रणगाडा उडवलेला नाही.

आमच्या जातीची सुरुवातच खोट्यानं झाली. शंभर वर्षांपूर्वी युरोपात मोठी लढाई चालली होती. माणसं खंदकात बसून एकमेकांना मारत होती आणि काटेरी तारा ओलांडता येत नव्हत्या. तेव्हा इंग्रजांनी लोखंडाची एक पेटी केली, तिला चाकांऐवजी साखळीचे पट्टे लावले. शत्रूला कळू नये म्हणून कामगारांना सांगितलं, पाण्याच्या टाक्या करतोय. तेच नाव पडलं, टँक. पुढे एकाने कवच जाड केलं की दुसऱ्याने तोफ मोठी केली. तोफ मोठी झाली की पुन्हा कवच जाड. या चढाओढीत माझा जन्म झाला. मद्रासकडच्या कारखान्यात मला जोडलं, वजन भरलं एकोणचाळीस टन. पोटात चार माणसांची जागा. एक हुकूम देणारा, एक नेम धरणारा, एक तोफेत गोळा भरणारा आणि एक मला चालवणारा. चौघांनाही पाय पसरता येत नाहीत.

मला चालवायचा देगलूरचा खाजामियाँ. बावीस वर्षांचा होता. शेजारच्या रणगाड्यात गोळे भरायला उदगीरजवळच्या खेड्यातला मारोती. दोघे एकाच मुलखातले, म्हणून जेवायला एकत्र बसायचे. एकाहत्तरच्या डिसेंबरात आम्ही पश्चिमेच्या सीमेवर होतो. मी अकरा गोळे झाडले. बहुतेक उसात पडले. एक कुणाच्या तरी घरावर पडला. घरात कोण होतं, ते बघायला कुणी थांबलं नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. मी लोखंड आहे.

लढाई संपली. मी आणखी काही वर्षं कवायती केल्या, मग नवे रणगाडे आले आणि माझी रवानगी लष्करी आगाराच्या कुंपणाशी झाली. तिथे माझ्यात घोरपडी राहायच्या. नंतर उदगीरच्या सुशोभीकरण समितीने रणगाडा मागितला आणि नेमका मी आलो. समितीला पाटीसाठी इथला हुतात्मा पाहिजे होता. मारोतीचं नाव सापडलं. तो याच रणगाड्यात होता का, असं एकाने विचारलं होतं. दुसरा म्हणाला, "रणगाडा तो रणगाडा. लोकांना काय कळतंय."

मारोतीची बायको नागुबाई. लग्नाला वर्ष झालं होतं तेव्हा तार आली. मागून त्याची पत्र्याची पेटी आली. माणूस आला नाही, जाळायलाही काही आलं नाही. चाळीसहून जास्त वर्षं त्या बाईला नवऱ्यासाठी फूल ठेवायला जागा नव्हती. मग पाटी लागली आणि तिला मी मिळालो.

मार्गशीर्षातल्या अमावास्येला इकडे येळवस असते. गाव ओस पडतं, सगळे शेतात जातात. कडब्याच्या खोपटात, म्हणजे कोपीत, पूजा, मिसळ भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबट आंबील. जेवणं झाली की पिकाच्या भोवती आंबील शिंपडतात. नागुबाई शेतात जायची नाही. आंबिलीचं मडकं डोक्यावर घेऊन माझ्याकडे यायची, माझ्याभोवती आंबील शिंपायची आणि उरलेली माझ्या अंगावर ओतायची. आंबट ताक लोखंडाला खातं. माझा रंग पोपडे धरून गळायला लागला. समिती चिडली. चौकाच्या राखणदाराला, शंकरप्पाला, तंबी मिळाली की म्हातारीला जवळ येऊ द्यायचं नाही.

गेल्या येळवशीला तेच चाललं होतं.

"आक्का, मडकं खाली ठेव. माझी नोकरी जाईल."

"तुझी नोकरी माझ्या नवऱ्याच्या जिवावर हाय, शंकऱ्या. त्यो मेला म्हणून तुला खुर्ची मिळाली."

"गंज चढून राहिलाय त्याला."

"चढू दे. मला चढला न्हाई का?"

तेवढ्यात एक म्हातारा काठी टेकत आला. खाजामियाँ. त्याच्या नातीने, सादियाने, त्याला मोबाइलवर माझा फोटो दाखवला होता. तोफेच्या फिरत्या बुरुजाच्या कडेला असलेल्या वेल्डिंगच्या व्रणावरून त्याने मला ओळखलं आणि मग पाटी वाचली. येळवशीला गावात कुणी नसतं, म्हणून मुद्दाम हाच दिवस धरून तो देगलूरहून आला होता. त्याला कुणाला भेटायचं नव्हतं.

शंकरप्पा त्यालाच म्हणाला, "चाचा, तुम्हीच सांगा हिला. लोखंडावर आंबील ओततात का?"

खाजामियाँने मडक्याकडे बघितलं. जेवताना मारोतीने सांगितलेलं बायकोचं नाव त्याला आठवत होतं. मग म्हणाला, "तुम्ही नागुबाई का?"

"हाव. तुम्ही कोण?"

"खाजा. देगलूरचा. हे गाडं मीच चालवायचो."

तिने डोक्यावरचा पदर नीट केला. "मंग यांच्यासंगं होता तुम्ही. ह्याच्यातच गेले ना ते?"

मित्रांनो, तो हो म्हणाला असता तर सगळ्यांचं भागलं असतं. समितीचं, पाटीचं, माझंसुद्धा. त्याने माझ्या पट्ट्यावर हात ठेवला आणि काढून घेतला.

"न्हाई, वहिनी. ते शेजारच्यात होते. ते गाडं जळालं. त्याचं काही उरलं न्हाई."

शंकरप्पा खुर्चीवरून उठून उभा राहिला.

"ते सुरुंगाचं रान होतं. पुढं जायचा नंबर आमचा होता. डिझेलच्या नळीत हवा धरली, इंजिन काही लागंना. मी नळी सोडून बसलो होतो. मग त्यांचं गाडं पुढं घातलं."

"तुमच्या जागी."

"हाव. आमच्या जागी."

"काही बोलले का?"

"वरून डोकं काढून हसला. म्हणला, खाजा, तुझं खटारं चालू होईस्तोवर आम्ही जाऊन येतो."

नागुबाई ओट्याच्या पायरीवर बसली. आठ येळवशी तिने आंबील पाजली ती मला, ज्याच्यामुळे तिचा माणूस पुढे गेला. ती रडेल असं शंकरप्पाला वाटलं असावं, तो पाण्याची बाटली घेऊन आला. ती रडली नाही.

"पन्नास वर्षं कुठं होता तुम्ही?" तिने विचारलं.

"देगलूरलाच. बसनं दीड-दोन तास. हिंमत न्हाई झाली."

"माफबीफ मला येत न्हाई," ती म्हणाली. तिने मडक्यातून गडू भरला आणि त्याच्यापुढे धरला. "प्या. त्यांना शेवटचं बघितलेलं माणूस तुम्हीच उरलात. पुढच्या येळवशीला शेतात या. हितं न्हाई."

तो उभ्यानेच प्याला. आंबील त्याच्या सदऱ्यावर सांडली, माझ्यावर एकही थेंब आला नाही.

ती आता माझ्याकडे फिरकत नाही. समितीने मला नवा रंग दिलाय. शंकरप्पाने पाटीबद्दल विषय काढला, तर त्याला गप्प राहायला सांगितलं.

माझ्या गंजाची काळजी करू नका, मित्रांनो. गंज हे लोखंडाचं म्हातारपण आहे. मेलेल्या माणसाचं नाव लावायचं असेल तर आधी त्याच्या घरी जाऊन विचारा, आणि त्याच्या शेजारी जो होता त्यालाही विचारा. खाजामियाँ आता सत्तरीच्या पुढे गेलाय. समितीतलं अजून कुणी देगलूरला गेलेलं नाही.