निरोपाचं भाषण

मोनाली दाभाडेला टीव्हीवर विनोद लिहायचं काम मिळालं, तेव्हा उस्मानपुऱ्यातल्या निम्म्या गल्लीला वाटलं की पोरगी आता पडद्यावर दिसणार. लिहिणारा माणूस दिसत नसतो, हे समजावता समजावता तिच्या बापाचा, कचरूचा, घसा बसला. "शेवटी नाव येतं," असं तो छाती फुगवून सांगायचा. येतं खरं, पण ते वाचायच्या आत साबणाची जाहिरात लागायची.

विनोदाचं वेड तिला बापाकडून नाही, आत्याकडून आलं. केसरबाई ही कचरूची थोरली बहीण. भीमजयंतीच्या दिवसांत गावोगाव फिरणाऱ्या जलशाच्या पार्टीत ती बतावणी करायची, म्हणजे दोन गाण्यांच्या मधे लोकांना हसवायचं काम तिचं. कचरू त्याच पार्टीत ढोलकी वाजवायचा. बावीस वर्षं वाजवली, पण स्टेजवर एक वाक्य त्याच्या वाट्याला आलं नाही. एकदा बिडकीनला तो मधेच काही बोलायला गेला, तर केसरबाईनं भर कार्यक्रमात सुनावलं, "तू ढोलकीनं बोल रे, तोंडानं नको." लोक हसले. कचरूही हसला. पण हसण्यावारी नेलेली गोष्ट माणूस विसरतोच असं थोडंच आहे?

केसरबाईचा एक नियम होता. ज्याची टर उडवायची, त्याला पुढच्या खुर्चीत बसवायचं. तलाठ्यावर बतावणी असली की ती आधी तलाठ्याच्या दारात जायची आणि त्याला मानानं बोलावून आणायची. "माघारी बोलली ती चहाडी," ती म्हणायची, "तोंडावर बोलली ती बतावणी. अन् तो हसला तरच पुढच्या गावात करायची." मोनालीनं हे लहानपणी शंभरदा ऐकलं, आणि शंभरदा ऐकलेल्या उपदेशाचं जे होतं तेच याचंही झालं.

शाळेच्या गॅदरिंगला तिनं मुख्याध्यापकांवर नाटुकलं लिहिलं आणि आठ दिवस वर्गाबाहेर उभी राहिली. कॉलेजात युवक महोत्सवाला प्रहसनात पहिला नंबर आणला. मग शेजारच्या हबीबभाईंची सुमय्या मोबाईल धरायची आणि मोनाली आत्याच्या बोलीत गल्लीतल्या भांडणांचे व्हिडिओ करायची. तेच बघून मुंबईहून फोन आला. ज्या 'लई' आणि 'नाय'वरून शाळेत बाई टोकायच्या, त्याच बोलीला तिकडं भाव होता. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते खोटं नाही.

मुंबईत मात्र कौतुक पंधरा दिवस टिकलं. दर बुधवारी लेखकांनी आपापलं स्किट सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचं आणि खोली हसली तरच ते पुढं न्यायचं, अशी तिथली रीत. मोनालीची तीन स्किटं एकापाठोपाठ पडली. शिवराज हा तिथला मुख्य लेखक. माणूस वाईट नव्हता, पण तोंडावर सांगणारा होता. तो म्हणाला, "बोली छान आहे गं तुझी, पण नुसत्या बोलीवर किती दिवस काढशील? पुढच्या बुधवारी काही दमदार आण. नाहीतर मला चॅनेलला सांगावं लागेल."

दमदार म्हणजे काय, ते मोनालीला माहीत होतं. दोन वर्षं ती ते पोटात धरून बसली होती.

कचरू एका कॉलेजात प्रयोगशाळेत परिचर होता. तेहेतीस वर्षं परीक्षानळ्या धुतल्या. निवृत्तीच्या आधी तीन महिने त्यानं निरोपाचं भाषण लिहायला घेतलं. चार कागद, दोन्ही बाजूंनी. आंघोळ करताना पाठ करायचा, भाजी निवडताना पाठ करायचा. निरोपाच्या दिवशी शाल, नारळ आणि पुष्पगुच्छ घेऊन घरी आला आणि म्हणाला, "भाषण लई झकास झालं. टाळ्या थांबंनात. प्राचार्यांनी डोळे पुसले."

सुमय्या त्याच कॉलेजात शिकत होती, आणि पाहुण्यांना गुच्छ द्यायला स्टेजच्या कडेलाच उभी होती. तिनं शपथ घालून मोनालीला खरं सांगितलं. अध्यक्ष बोलले, दोन विश्वस्त बोलले, प्राचार्य तर नमनाला घडाभर तेल घालून बोलले. मग कुणीतरी घड्याळ पाहिलं, सूत्रसंचालकांनी 'वेळेअभावी' म्हटलं आणि राष्ट्रगीत सुरू झालं. कचरू खिशातले कागद हातात घेऊन सावधान उभा राहिला. त्याला माईक मिळालाच नाही.

मोनालीनं हे एका बैठकीत लिहून काढलं. निरोप समारंभ एका शिपायाचा, आणि बोलतात बाकीचे सगळे. शेवटी शिपाई घरी येतो, पोरगी विचारते, कसं झालं, आणि तो म्हणतो, "टाळ्या थांबंनात." बुधवारी तिनं वाचलं तेव्हा खोली गडाबडा लोळली. त्या शेवटच्या वाक्याला तर शिवराजनं चष्मा काढून डोळे पुसले. स्किट पास झालं. दहा दिवसांनी शूटिंग.

आनंद जेमतेम तासभर टिकला. नंतर चहा पिताना तिला एकदम आत्या आठवली. पंधरा परक्या माणसांना तिनं बापाची गोष्ट हसवून सांगितली होती. ती ऐकली नव्हती फक्त बापानं. उद्या ती महाराष्ट्रभर दिसणार, गल्ली दोन आणि दोन चार करणार, आणि दोन वर्षं ताठ मानेनं हिंडणारा तिचा बाप त्याच गल्लीतून दूध आणायला जाणार. तिला स्वतःची लाज वाटली.

शुक्रवारी सकाळी ती घरी पोचली. कचरूला खुर्चीत बसवलं, आत्या पलंगावर बसली, आणि मोनाली उभी राहून वाचायला लागली.

कचरूला आधी कळलं नाही. अध्यक्षांच्या भाषणाला तो खळखळून हसला. विश्वस्तांपर्यंत येता येता हसू कमी झालं. 'वेळेअभावी'ला तो खाली बघायला लागला. शेवटचं वाक्य वाचून मोनाली थांबली.

"कुणी सांगितलं तुला?" कचरूनं विचारलं.

"सुमय्यानं. तेव्हाच. पप्पा, मी आधी तुम्हाला विचारायला पाहिजे होतं."

"व्हय, पाहिजे होतं." त्यानं तिच्या हातातले कागद घेऊन उलटेपालटे करून पाहिले. मग म्हणाला, "नारळ लहान होता. तू मोठा लिवलाय."

केसरबाईला हसू फुटलं, पण भावाचा चेहरा बघून तिनं ते गिळलं.

"बाकी समदं राहू दे," कचरू म्हणाला. "शेवटचं काढ. घरी येऊन सांगितलं ते."

"पप्पा, त्याच्यावरच सगळं उभंय. त्यालाच सगळ्यात जास्त हसले."

"हसू दे. ते काढ."

मोनालीनं त्याच्याशी वाद घातला नाही. ज्याला पुढं बसवलं त्याचं ऐकायचं नसेल, तर बसवायचं कशाला?

मुंबईत शिवराज मात्र भडकला. "बिनशेपटीचं झालं की हे! कारण तरी सांग." तिनं कारण सांगितलं. तो थोडा वेळ पेन आपटत बसला आणि म्हणाला, "ठीक आहे. पण हे आपटलं तर मी तुला वाचवू शकणार नाही." स्किट आपटलं नाही आणि गाजलंही नाही. शेवटी शिपाई कागद खिशात घालतो आणि निघतो, तिथं शूटिंगला बसलेले प्रेक्षक 'अरेरे' म्हणाले, हसले नाहीत. तिला आणखी एक महिना मिळाला. त्यात जमलं तर जमलं.

रविवारी दुपारी एकच्या भागात ते लागणार म्हणून मोनाली घरी आली होती. बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. हबीबभाई गुलमंडीतल्या दुकानाला दांडी मारून आले होते. सुमय्या दाराला टेकून उभी होती, आणि केसरबाईनं टीव्हीसमोरची जागा सकाळपासून अडवली होती. स्किट झालं. लोक हसले, मोनालीच्या पाठीवर थापा पडल्या.

हबीबभाई म्हणाले, "कचरूभाई, ये तो तुम्हारेच कालेज का किस्सा दिख रा! पन तुम्हारा भाषण तो जोरदार हुआ था ना?"

सुमय्यानं मान खाली घातली.

कचरूनं रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज बंद केला.

"कशाचं जोरदार, हबीबभाई," तो म्हणाला. "माईकच दिला नाय."

आणि मग तो उठून उभा राहिला. अध्यक्ष कसे खाकरतात ते त्यानं दाखवलं. विश्वस्त त्याचं नाव कसं चुकले आणि ज्याला निरोप द्यायचा त्यालाच पाणी आणायला कसं पाठवलं, ते सांगितलं. मोनालीच्या स्किटात यातलं काहीच नव्हतं. खोली हसायला लागली. राष्ट्रगीताशी येऊन तो थांबला. लोकांचं हसू पुरतं विरेपर्यंत थांबला, आणि मग हळूच म्हणाला, "घरी आलो. पोरीनं विचारलं, पप्पा, कसं झालं? आता तिला काय सांगणार? मी म्हणलं, प्राचार्य रडले."

असं हसू मोनालीनं मुंबईत कधी ऐकलं नव्हतं. हबीबभाईंना ठसका लागला. केसरबाई पदरानं डोळे पुसत होती, आणि ते हसून होतं की कशानं, ते तिचं तिला माहीत.

"बस, बस," हबीबभाई श्वास घेत म्हणाले. "अब वो भाषण तो सुना दो, कचरूभाई. लिखा था ना?"

कचरूला कागद लागले नाहीत. त्यानं सदऱ्याची वरची गुंडी लावली, घसा साफ केला आणि 'सन्माननीय व्यासपीठ' म्हणून सुरुवात केली. वीस मिनिटं बोलला. त्यात विनोद एकही नव्हता. त्याच्या मागं टीव्हीवर पुढची दोन स्किटं मुक्यानंच होऊन गेली, पण आवाज वाढवा असं कुणीही म्हणालं नाही.