तिसऱ्या पायरीच्या खाली

माझी बायको इस्मे वारली, त्यानंतर घरात बोलायला कोणी उरलं नाही, म्हणून मी कॉलेजात नाव घातलं. आमच्या शहराच्या कॉलेजात साठी उलटलेल्या माणसाला वर्गात नुसतं बसू देतात. मी आयुष्यभर ब्रुकलिनमध्ये बस चालवली. वर्गात बसणं मला जड गेलं नाही. फरक एवढाच, की इथे मी मागच्या बाकावर होतो आणि गाडी दुसरं कोणी हाकत होतं.

विषय होता शहर आणि त्यातली माणसं. प्रोफेसरबाईंनी दोघादोघांच्या जोड्या लावल्या आणि सांगितलं, प्रत्येक जोडीनं आपलं संशोधन करायचं, त्याचं पोस्टर करायचं आणि वसंतातल्या संशोधन दिवशी परीक्षकांसमोर उभं राहायचं. माझ्या वाट्याला नाझोकत आली. उझबेक घरातली पोर, एकोणीस वर्षांची. पहिल्याच दिवशी तिने मला विचारलं, "तुम्हाला नावाने हाक मारू की काका म्हणू? नावाने मारली तर माझी आई मला घरात घेणार नाही."

"काकाच म्हण," मी म्हणालो.

"मग काका, एक सांगते. संशोधन दिवशी उन्हाळी संशोधन गटात एकच जागा देणार आहेत. ती मला पाहिजे. नाही मिळाली तर आईने ठरवलंय, उन्हाळाभर मावशीच्या सलूनमध्ये बसायचं. बायकांच्या भुवया कोरायच्या."

"वाईट काम नाही ते."

"मावशीला माझ्यासाठी मुलगापण बघायचाय. गिऱ्हाइकांच्या घरांतून. एकेका भुवईमागे एकेक मुलगा दाखवेल ती मला."

तेव्हा हे गंभीर आहे हे माझ्या ध्यानात आलं.

विषय तिनेच काढला. आमच्या भागात घरापुढे दगडी पायऱ्या असतात आणि नको झालेली वस्तू लोक पायरीवर ठेवतात. ज्याला हवी तो नेतो. विचारत नाही, आभार मानत नाही. नाझोकतचा प्रश्न असा होता, की ही वस्तू टाकलेली आहे आणि ही कोणी विसरलंय, हे जाणाऱ्याला कळतं कसं? तिच्या घराला पायऱ्या नव्हत्या, ते सहाव्या मजल्यावर राहायचे. माझ्या घराला होत्या. ठेवायला वस्तूही होत्या.

इस्मेच्या वस्तू. वर्षभर मी त्यांना हात लावला नव्हता. आता एकेक काढून पायरीवर ठेवू लागलो आणि आम्ही दोघं खिडकीत बसून बघू लागलो. पोरीला वाटलं, मी संशोधनाला हातभार लावतोय. मीही तसंच म्हणालो.

टोस्टर खालच्या पायरीवर ठेवला, तर चहा उकळायच्या आत गेला. एक दिवा गेला, तो तर पेटतही नव्हता. चांगला चालता रेडिओ मात्र वरच्या पायरीवर ठेवला, तर एका बाईने दार वाजवून सांगितलं, "अहो, तुमचा रेडिओ बाहेर राहिलाय. चोर कमी आहेत का इथे?" आणि जाताना तीच बाई खालच्या पायरीवरची आमची कढई काखेत मारून गेली.

"बघितलंत?" नाझोकत हसून लोळायची बाकी होती. "चोर कमी आहेत का इथे!"

रविवारी चर्चला घालायच्या इस्मेच्या टोप्या होत्या. पिवळी टोपी मी स्वतः दुसऱ्या पायरीवर ठेवली आणि त्या दिवशी खिडकीत बसलो नाही, स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली. नंतर एकदा बस स्टॉपवर ती एका बाईच्या डोक्यावर दिसली. बरी दिसत होती. इस्मेवर जास्त शोभायची.

हळूहळू आमच्या ध्यानात आलं, की सगळा खेळ तिसऱ्या पायरीवर आहे. तिच्याखाली ठेवलेलं ते कोणाचंही. तिच्या वरच्या पायऱ्यांवर ठेवलेलं ते घरातल्यांचं. आणि खुद्द तिसऱ्या पायरीवर काही असेल, तर माणूस थांबतो, इकडेतिकडे बघतो, कान खाजवतो. एका गृहस्थाने तर तिसऱ्या पायरीवरची इस्त्री उचलून दुसऱ्या पायरीवर ठेवली, एक चक्कर मारून आला आणि मग घेऊन गेला.

पोस्टर छान झालं. पायऱ्यांचं चित्र, खाली हिरवा रंग, वर लाल. छापून आलं तेव्हा पुठ्ठ्याच्या नळीत घालून माझ्याकडे ठेवलं, कारण नाझोकतचे धाकटे भाऊ घरात असतील त्या कागदाची होडी करायचे.

संशोधन दिवशी सकाळी मी कोट घातला, नळी काखेत घेतली, दार ओढलं आणि खाली उतरलो. खाली आल्यावर वाटलं, गॅस बंद केला का? इस्मे असताना ते बघणं तिचं काम होतं. नळी ठेवली आणि वर गेलो. गॅस बंद होता. परत आलो तर नळी नाही.

मी नाझोकतला फोन लावला.

"काका, कुठे ठेवली होती?"

"पायरीवर."

ती अगदी हळू म्हणाली, "कितव्या?"

"दुसऱ्या."

"काका! चार महिने आपण काय करत होतो? खिडकीत बसून काय करत होतो आपण?"

"घाईत होतो गं."

"वर ठेवायला आणखी दोन पायऱ्या चढायच्या होत्या! नाहीतरी वर जातच होतात ना तुम्ही!"

मी फोन ठेवला. गल्लीत दोन्ही बाजूंना पळून आलो, शेजाऱ्यांना विचारलं. नळी काही सापडली नाही. कोणाच्या तरी खिडकीला आज आमचं संशोधन पडदा म्हणून लटकत असेल.

नवीन छापायला वेळ नव्हता. कॉलेजच्या इमारतीत पोहोचलो, तर नाझोकत रिकाम्या फळ्यासमोर उभी होती. शेजारी एका मुलाचं शेवाळावरचं भलंमोठं पोस्टर, पलीकडे पुलाचा नमुना, आणि मध्ये आमचा पांढरा फळा. ती माझ्याशी बोलत नव्हती. मी खायला आणलेला बेगल पावसुद्धा घेतला नाही, म्हणजे खरंच रागावली होती.

परीक्षक आल्या त्या डॉक्टर पेट्राकिस. उन्हाळी गट त्याच चालवायच्या. बाहेर भुरभुर पाऊस होता, त्यांच्या हातात लाकडी मुठीची सुरेख छत्री होती. त्यांनी फळ्याकडे बघितलं, मग आमच्याकडे.

"पोस्टर?"

"नेलं," नाझोकत म्हणाली.

"कोणी?"

"माहीत नाही, मॅडम. काकांनी दुसऱ्या पायरीवर ठेवलं होतं."

आणि मग तिने सगळं सांगितलं. कढईवाली बाई, इस्त्रीवाला गृहस्थ, तिसरी पायरी. हातवारे करून, फळ्यावर बोटाने पायऱ्या काढून. पेट्राकिसबाई ऐकत होत्या, पण हसल्या नाहीत.

"गोष्ट मजेची आहे," त्या म्हणाल्या. "पण हे तुमच्या एका गल्लीतलं. लोक एकमेकांना ओळखतात तिथे. इथे कोणी परक्या वस्तूला हात लावणार नाही."

आता सलून आलंच, असं मला पोरीच्या चेहऱ्यावर दिसलं. पण ती गप्प बसणाऱ्यातली नव्हती.

"मॅडम, तुमची छत्री देता का?"

"कशाला?"

"हात लावतात का, ते बघायला."

ती इमारत म्हणजे पूर्वीचं राहतं घर. पुढे तशाच दगडी पायऱ्या. नाझोकतने छत्री दुसऱ्या पायरीवर टेकवली आणि आम्ही तिघं दाराशेजारच्या खिडकीत उभे राहिलो. शेवाळवाला मुलगाही आला. दोन मुली आल्या, छत्री ओलांडून वर चढल्या. एक मुलगा फोनवर बोलत गेला, त्याने बघितलंही नाही. पेट्राकिसबाईंनी घड्याळ बघितलं. नाझोकत रुमालाचं टोक चावत होती.

तेवढ्यात दार ढकलून एक गृहस्थ बाहेर पडले. करडा सूट, हातात कागद. पावसाकडे बघून त्यांनी मान झटकली, खाली उतरले, छत्री दिसली, उचलली, उघडली आणि चालू लागले.

"अरे देवा, हे तर डीन!" पेट्राकिसबाई म्हणाल्या आणि धावत सुटल्या. मागे नाझोकत, तिच्यामागे मी.

"डीनसाहेब! अहो, ती माझी छत्री!"

ते वळले. "तुमची? मग खाली कशाला ठेवलीत? मला वाटलं, कोणीतरी सोडून दिलीय."

"सर," नाझोकत धापा टाकत म्हणाली, "वर दाराजवळ असती, तर घेतली असती का?"

डीनसाहेबांना प्रश्नच विचित्र वाटला. "छे! दाराजवळ असती म्हणजे ती कोणाची तरी असणार ना?"

पेट्राकिसबाई पावसात उभ्या राहून हसू लागल्या. छत्री परत मिळाली होती, पण ती डोक्यावर धरायचं त्यांना सुचेना.

"पोस्टरला शून्य," आत आल्यावर त्या म्हणाल्या. "पोस्टरच नाही तर गुण कशाला देऊ? बक्षीस शेवाळाला जाईल." शेवाळवाला मुलगा खूश झाला. "पण जागा मी पोस्टरला देत नाही. नाझोकत, तू ये. आणि हे तिसऱ्या पायरीवर लोक नक्की कसला विचार करतात, ते मला शोधून दे."

"काकांनाही घेऊन येऊ?"

"जागा एकच आहे."

"त्यांना जागा नको, मॅडम. त्यांना बाहेर पडायला कारण पाहिजे."

मी तिच्याकडे बघितलं. इतके दिवस मला वाटत होतं, माझं तिला काही कळलेलं नाही.

पेट्राकिसबाई म्हणाल्या, बघू, आणि पुलाच्या नमुन्याकडे गेल्या.

नाझोकतने तिथूनच आईला फोन लावला. उझबेकीत बराच वेळ वादावादी झाली. मधे माझं नाव आलं, मग मावशीचं, मग पुन्हा माझं.

"काय म्हणते आई?"

"म्हणते, कागदाची एक नळी सांभाळता आली नाही, अशा माणसाबरोबर उन्हाळा काढणार?"

"बरोबर आहे तिचं. तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, इतक्या वस्तू बाहेर ठेवायला दुसरं कोण तयार होणार?"

"घरात आता ठेवण्यासारखं फारसं उरलं नाही, पोरी," मी म्हणालो.

तिने माझ्या हातातला बेगल घेतला आणि अर्धा तोडून मला परत दिला.

"मग आता लोकांच्या पायऱ्या बघू," ती म्हणाली. "सोमवारी सकाळी या. आणि जेवून या, काका. मध्ये मी सुट्टी देणार नाही."