ओहोटीची गोळी

ये गं पोरी, टेक इथं वाळूत. दवाखान्यात नवी नर्स आलीस ना तू? मग मिझेची गोष्ट ऐकूनच जा. हळूहळू सांगतो, पाणी चढतं तशी.

मिझे आमच्याच झांझिबारच्या किनाऱ्यावरची. पाणी हटलं की आत शिरायचं, खुंट्यांना ताणलेल्या दोऱ्यांवर विकायला वाढवायचं शेवाळ बांधायचं, पाणी वळलं की घरी, असं तिचं काम. मागच्या बाळंतपणात तिचं रक्त थांबेना. मरता मरता वाचली. तुझ्या आधीची नर्स ततू म्हणाली, "मिझे, आता दोन-तीन वर्षं पोटाला सुट्टी दे. बाळ अंगावर पितंय, म्हणून ही गोळी. रोज ठरल्या वेळी घ्यायची, चुकवायची नाही."

मिझेनं एकदाही चुकवली नाही. पाकीट कमरेला गुंडाळलेल्या कांगाच्या, त्या रंगीत कापडाच्या गाठीत. पाणी उतरून पहिल्या खुंटीनं डोकं वर काढलं, की गोळी जिभेवर. पाणी फार हटत नसलं, काम बंद असलं, तरी दारातून बघून घ्यायची.

आणि तरी तिला स्वप्न पडायला लागलं. समुद्र पार लांब गेलाय. ओली वाळू आरशासारखी चमकतेय. तिच्यावर इवल्या पावलांचे ठसे उमटत येतायत. चालणारं कुणी नाही. ठसे तिच्यापाशी येतात नि थांबतात.

जागी झाली की मळमळायचं.

"काय गं," नणंद बिकोंबो दोरी ओढत म्हणाली, "ऑक्टोपसचा रस्सा बघून तोंड फिरवलंस काल. माझ्या भावानं दिवे लावले वाटतं!"

"वन्सं, गप्प बसा. मी गोळी घेते."

"मग मळमळतंय ते त्या गोळीला का?"

सगळ्या बायका हसल्या. मिझेच्या डोळ्यांपुढं मात्र ते जुनं रक्त आलं.

नवऱ्याला, वुआईला घेऊन ती दवाखान्यात गेली. ततूनं पट्टी बुडवली. दोन रेघा.

"बाई, बाळाची शपथ, चुकवली नाही मी! रोज ठरल्या वेळी घेतली."

"कुठल्या वेळी?"

"पाणी उतरलं की."

ततू खिडकीतून समुद्राकडं बघतच राहिली.

"अगं माझे बाई! पाणी आज सकाळी उतरतं, मग सरकत सरकत दुपारी, मग तिन्हीसांजेला, आणि अंधारात दिसलं नाही की तुझी गोळी पार दुसऱ्या सकाळवर. ही गोळी तीन तास उशीर झाला तरी रुसते गं."

"आमची वेळ तीच की. घड्याळ कुठाय आमच्या घरी?"

"मी विचारलंच नाही तुला," ततू हळूच म्हणाली. "मशिदीतली पहाटेची बांग तरी ऐकू येते ना? पुढच्या खेपेला ती धर."

वुआई मध्येच म्हणाला, "पुढचं पुढं. ह्या वेळी बाळंतपण गावात नाही. आधीच शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेऊन ठेवतो हिला."

नेलं बघ. रक्त पुन्हा गेलंच, पण तिथं चढवायला बाटल्या तयार होत्या. मिझे वाचली.

ती बघ तिची धाकटी, शेवाळाच्या ढिगापाशी. वाळूत ठसे उमटवत आईकडं निघालीय. बघितलं की मिझे अजून जरा दचकते, मग हसते.

तर पोरी, माझं एवढं कर. उद्या कुणाच्या हातात गोळी ठेवशील, तेव्हा आधी तिला विचार, बाई, तुझ्या घरी वेळ कशावरनं कळते? विचारशील ना?