चोवीस खोल्या, सत्तावीस दारं

सन २०२३, आश्विन महिना, दसऱ्याला चार दिवस. जळगावचं ऑक्टोबरचं ऊन डोकं तापवत होतं. त्या दिवशी सरकारने खडूने माझ्या तोंडावर सतरा आकडा लिहिला. मी मेहरूणच्या जुन्या सरकारी चाळीतला, भिकुबाईच्या खोलीचा दरवाजा. मला बोलायची सवय नाही. पण हे सांगतो.

मी सागवान आहे. यावलकडचा, सातपुड्याचा. धुळ्यात एका साहेबाच्या बंगल्याला बावीस वर्षं होतो. साहेबाने लोखंडी दार आणलं आणि मला भंगारात काढलं. हिंडत हिंडत मी मेहरूणच्या होळीवर येऊन पडलो. सागवान, आणि होळीवर! शेजारी एरंडाची फांदी होती. तिच्यासमोर मला लाज वाटली.

भिकुबाईचा नवरा लोटन केळीच्या गाड्या भरायचा. खोलीचं सरकारी फळीचं दार पहिल्याच पावसात वाकलेलं. त्याने मला हेरलं. पण होळीवरचं लाकूड कोणी फुकट उचलत नाही. भिकुबाईने पावसाळ्यासाठी थापून ठेवलेल्या गोवऱ्यांचं टोपलं होळीला दिलं आणि मला सोडवलं. तो सगळा पावसाळा ती ओल्या काटक्या फुंकत बसली. ते देणं माझ्यावर बसलं. लोटन गेला. देणं राहिलं.

आता चाळ पाडून सरकारी मंडळ तिथे चार मजली इमारत बांधणार होतं. मंडळाच्या इंजिनिअर सुलक्षणा मॅडम अंगणात उभं राहून सांगत होत्या. छतावर सोलर. पावसाचं पाणी टाकीत. कडुनिंब तोडायचा नाही. न्हाणीचं पाणी शुद्ध करून झाडांना.

"साबण कोणता लावायचा ते मग झाडालाच विचारा," शेजारची द्रौपदाबाई म्हणाली.

"आणि जुनं चांगलं लाकूड फेकायचं नाही," मॅडम म्हणाल्या. हे ऐकून मी जरा ताठ झालो.

"एका दाराला एक नवं घर. आज दारांवर आकडे टाकते. नावं दसऱ्यानंतर लिहून घेते."

तिथेच चुकलं. दार न धुता तोरण कोण बांधतं? भिकुबाईचा दसरा, द्रौपदाबाईचा धम्मचक्र प्रवर्तन दिन. पाणी एकाच नळाचं. चोवीसच्या चोवीस दारांची तोंडं लख्ख झाली. सरकार गटारीत वाहून गेलं.

आठवड्याने मॅडम आल्या.

"आकडे कुठे गेले?"

"धुतले," द्रौपदाबाई म्हणाली. "छान निघाले. डाग नाही राहिला."

"अहो, पण धुतले कशाला?"

भिकुबाई पुढे झाली. "दसराले दार नही धवानं, त काय तुमना आकडानी पूजा करानी?"

मॅडमनी पुन्हा दारं मोजली. सत्तावीस भरली. आकडे गेलेले पाहून काहींनी डोकं चालवलं होतं. दोन दारं शेळ्यांच्या गोठ्याला लागली होती. तिसरं चाळीतल्याच हेमराजने नुसत्या भिंतीला ठोकलं होतं. मॅडमनी ते उघडलं. मागे वीट.

"हे काय?"

"मुलगा वेगळा राहतो, मॅडम," हेमराज म्हणाला.

"विटेत?"

माणसांना लाज कमी. दारालाही खोटं बोलायला लावतात.

मॅडम तापल्या. "आता जुना कागद दाखवेल त्याचंच नाव यादीत. कागद नाही, तर घर नाही."

बाकी तेवीस जणांनी पिशव्यांतून भाडेपावत्या काढल्या. भिकुबाई जागची हलली नाही.

"आक्का, तुमचा कागद?"

"पेटीमा व्हता. वाळवीनी खाई टाका."

"आधार?"

आधारवर पत्ता यावलचा, लेकीकडचा. मॅडमनी पेन बंद केलं. "मग मी काय करू, आक्का? यादी आजच द्यायची आहे."

भिकुबाई उंबऱ्यावर बसली. कडी हातात धरली. ते मला जड गेलं. मी तिचा दरवाजा आणि मला तिच्यासाठी एक शब्द बोलता येईना.

बाहेर हेमराज ओरडत होता. "विटेमागे खोली होती, मॅडम! पडली!" मॅडम भिकुबाईला घेऊन आत आल्या आणि वैतागून त्यांनी मला धाडकन लावलं.

दिवसा मी बंद होत नाही. इकडे भरदिवसा दार लावलं तर शेजारी विचारतात, कोण आजारी आहे? सकाळपासून माझी पाठ भिंतीला. ती कोणी बघत नाही.

मॅडमनी बघितली.

पाठीवर तेलरंगाचा चौकोन होता. वर लिहिलेलं : लोटन, खोली सतरा, माणसं दोन. सरकारी हिवतापवाला दर पंधरा दिवसांनी यायचा, ताप आहे का विचारायचा आणि तारीख घालून सही करायचा. चौकोन भरला की खाली दुसरा. एकोणीसशे शहाण्णवपासून. मला फार राग यायचा. कोणाच्या पाठीवर लिहायची ही काय रीत? पण भिकुबाई माझं तोंड धुते. पाठ धूत नाही.

मॅडम खाली वाकून तारखा वाचत गेल्या. "आक्का, या सह्या सरकारी आहेत."

"मंग काय मी कयात त्या सह्या? ताप ऱ्हावो नहीतर नही, सही करी जाये तो."

मॅडम हसल्या. त्यांनी माझ्या पाठीचे पाच फोटो काढले. धुळ्याच्या साहेबानेही माझा एक काढला नव्हता. वरच्या साहेबांनी कुरकूर केली म्हणतात. पण सरकारचं अक्षर सरकार नाकारणार कसं? चोविसावं नाव लागलं.

गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, भिकुबाई नव्या इमारतीत आली. गुडघे दुखतात म्हणून तळमजला. नियमाप्रमाणे जुनं लाकूड वापरलं, तिच्याच खोलीला मला लावलं. तोंडाला रंधा मारला. पाठीला मॅडमनी मारू दिला नाही.

भिकुबाई आत गेली. देणं फिटलं.