समोर आकाश हवं

कारखान्याची उत्तरेकडची भिंत जमिनीपासून छपरापर्यंत काचेची होती आणि तिच्यासमोर लांबलचक हिरवळ. बाकी तिन्ही बाजूंना झाडं दाटीने उभी, इकडे मात्र एक झुडूपही नाही. नव्या साहेबांच्या डोळ्यांत ही रिकामी जागा सलत होती. तिथे गोदाम बांधायचं ठरलं, चुन्याच्या रेघाही मारून झाल्या.

काचेमागच्या टेबलावर मुकादमबाई बिस्किटं निवडत होत्या. जास्त भाजलेलं बिस्कीट रंगावरून ओळखून बाजूला काढायचं, हे त्यांच्या खात्याचं काम. तीस वर्षांत त्यांच्या नजरेतून एकही सुटलं नव्हतं, आणि हे त्या कुणी न विचारताही सांगत. रेघा पाहताच त्यांच्या लक्षात आलं. गोदाम उभं राहिलं की उजेड जाणार, आणि उजेडाशिवाय आपली नजर काय कामाची?

त्या तडक साहेबांच्या खोलीत गेल्या.

"ट्यूबलाइट लावून देतो की," साहेब म्हणाले. "हव्या तेवढ्या."

बाईंनी खोलीतल्या ट्यूबलाइटखाली दोन बिस्किटं ठेवली. "यातलं करपलेलं कुठलं?"

साहेबांनी चष्मा चढवला, उतरवला. "दोन्ही सारखीच आहेत."

"मग उजवीकडचं खा."

साहेबांनी घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. उरलेला तुकडा आणि दुसरं बिस्कीट घेऊन बाईंनी त्यांना काचेपाशी नेलं. तिथे दोन्हींतला फरक लख्ख दिसत होता.

"ही जागा माझ्या आत्याने मोकळी ठेवायला लावली," बाई म्हणाल्या. "ती जुन्या शेडमध्ये निवडायला होती. इमारत आखणारा माणूस आठ दिवस तिच्या शेजारी बसला होता."

बोलताना त्या जरा अडखळल्या. आत्याची ही बढाई घरात सगळ्यांनी हसण्यावारी नेली होती. त्यांनीसुद्धा.

गोदामाला दुसरी जागा शोधायला दोघं खोलीत परतली आणि साहेबांनी कपाटातून मूळ नकाशा काढला. हिरवळीच्या चौकोनात पेन्सिलीने बारीक अक्षरं होती. साहेबांनी ती मोठ्याने वाचली: 'निवडणाऱ्या बाईंचं म्हणणं, समोर आकाश हवं. इथे काही बांधू नये.'

"गोदाम बॉयलरच्या मागे," साहेब म्हणाले.

बाईंना आनंद झाला, पण त्याआधी लाज वाटली. आत्या असती तर त्यांनी तिचे पाय धरले असते. त्यांनी साहेबांकडून कोरा कागद मागून घेतला आणि ती ओळ जशीच्या तशी उतरवली.

"हे कशाला?" साहेबांनी विचारलं.

"घरी वाचून दाखवते. आता कोण हसतंय ते बघते."